मिरची मोडल्याचा आवाज : जाहिरातीचा व्हिडिओ व्यावसायिक दर्जाचा कसा होतो

कोल्हापूरजवळच्या एका गावात बायकांचा बचतगट आहे. कांदा-लसूण मसाला करून विकतात. त्यांनी पूर्वी पैसे देऊन जाहिरातीचा एक व्हिडिओ करून घेतला होता, तो मला फोनवर दाखवला. सुरुवातीला गरगरत येणारा लोगो, मग ड्रोनमधून दिसणारं गाव, मग ओळीत उभ्या केलेल्या अकरा जणी आणि त्यावर भारदस्त आवाजात ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, एकदा अवश्य भेट द्या’. मागे ढणढणीत संगीत. लांबी साडेतीन मिनिटं. चित्र स्वच्छ होतं, कॅमेराही चांगल्यातला असावा. पण तेवढ्या वेळात मिरची एकदाही जवळून दिसली नाही आणि त्या अकरा जणींपैकी कुणाचाच आवाज ऐकू आला नाही.

गटाच्या ताई म्हणाल्या, “दादा, बघणारे छान झालाय म्हणत्यात, पण मसाला कोण मागत न्हाई.”

मी गेली काही वर्षं लहान उद्योगांसाठी असे व्हिडिओ करतो, आणि हे वाक्य वेगवेगळ्या बोलीत पुष्कळदा ऐकलंय. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि २०२० पासून रील्स, शॉर्ट्स घरोघरी पोचले. तेव्हापासून प्रत्येक लोणचंवाल्याला, क्लासवाल्याला, कृषी पर्यटन केंद्राला व्हिडिओ हवा असतो. ‘प्रोफेशनल दिसला पाहिजे’ असं सांगतात आणि पुढचा प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. माझ्या अनुभवात कॅमेऱ्याचा नंबर बराच खाली लागतो. वर काय लागतं, ते या मसाल्याच्याच उदाहरणाने सांगतो.

आधी एक माणूस ठरवा

व्हिडिओ कुणासाठी, असं विचारलं की ‘सगळ्यांसाठी’ हे उत्तर ठरलेलं असतं. ताईंनीही तेच दिलं. मग मी विचारलं, सध्या मसाला कोण घेतं? गावातलं कोणी घेत नाही, कारण गावात घरोघरी होतो. घेतात त्या पुण्या-मुंबईला गेलेल्या मुली आणि सुना. पूर्वी आई नाहीतर सासू उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून डबा भरून पाठवायची. आता तिचे गुडघे दुखतात किंवा ती राहिली नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये मिरची वाळवायला गच्ची नाही आणि भाजायला घेतली तर वरचे शेजारी खोकत खाली येतात.

इथे व्हिडिओचा निम्मा प्रश्न सुटला. प्रेक्षक ठरला : तीस-पस्तिशीतली, गावाकडची चव माहीत असलेली, पाकिटातल्या मसाल्यावर समाधान न होणारी बाई. तिला सांगायची गोष्टही ठरली : तुमच्या घरी ज्या पद्धतीने व्हायचा, त्याच पद्धतीने आम्ही करतो. आणि तिने काय करायचं तेही ठरलं : एका नंबरवर व्हॉट्सॲप करायचं. एका व्हिडिओत एक प्रेक्षक, एक गोष्ट, एक कृती. गटाची स्थापना, मिळालेली बक्षिसं, पापड आणि कुरडया हे सगळं बाजूला ठेवायला ताईंना जड गेलं. ते साहजिक आहे. कष्ट त्यांचे आहेत. पण पापडासाठी वेगळा व्हिडिओ करता येतो.

एकच गोष्ट दाखवण्यात किती ताकद असते, याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून चित्रपटाचं तंत्र शिकून परतले, तेव्हा त्यांना भांडवल हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. तयार झाली ती जेमतेम मिनिटभराची फीत, ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वर येताना पाहिल्यावर त्यांना कर्ज देणारा माणूस मिळाला आणि पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. ‘अंकुराची वाढ’ ही माझ्या लेखी प्रचारासाठी केलेली फिल्मच. तिच्यात फाळक्यांची थोरवी सांगणारं काही नव्हतं. हे यंत्र काय करू शकतं, एवढंच दिसत होतं.

गोष्ट ठरली की कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. निवांत बोलणारा माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, म्हणून मिनिटभराच्या व्हिडिओला उजवीकडे नव्वद-शंभर शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. उरलेली जागा श्वासासाठी ठेवा. डावीकडच्या रकान्यात ‘महिला काम करताना’ असं मोघम लिहिलं तर शूटिंगच्या दिवशी सगळे एकमेकांची तोंडं बघतात. ‘मिरचीचं देठ खुडणारी बोटं, अगदी जवळून’ असं लिहिलं की कॅमेरावाल्याला कुठे बसायचं ते कळतं.

आवाज

डळमळीत चित्र प्रेक्षक चालवून घेतो. घुमणारा, लांबून येणारा आवाज मात्र दोन-चार सेकंदांत नकोसा होतो आणि अंगठा पुढे सरकतो. म्हणून हातात थोडेच पैसे असतील तर पहिला खर्च माइकवर करा, मग दिव्यावर, मग ट्रायपॉडवर.

कारण साधं आहे. बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की पोचणारी ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. खोलीतला पंखा, रस्त्यावरचा टेम्पो, भिंतींवरून परतणारा घुमारा यांचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. सहा फुटांवरच्या फोनला माणूस आणि खोली सारखेच ऐकू येतात. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला की माणूस पुढे येतो आणि खोली मागे जाते. कॉलर माइकचा सगळा फायदा या जवळिकीत आहे.

पण कॉलर माइक पुरुषांच्या शर्टाचा विचार करून बनलेला असतो. नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या बाईला तो लावताना पदराचं कापड घासतं, मंगळसूत्राचे मणी टकटक वाजतात, हात हलला की बांगड्या किणकिणतात. आमच्या पहिल्या चाचणीत मण्यांचा आवाज प्रत्येक शब्दावर पडत होता. मग माइक पदराच्या वरच्या काठावर, मण्यांपासून लांब लावला आणि वायर आतून घेऊन चिकटपट्टीने बसवली. हे काम टीममधल्या मुलीने केलं. बाईमाणसाला माइक लावायला बाईच हवी. त्याने समोरची व्यक्ती निम्मी मोकळी होते.

जागा निवडताना आधी डोळे मिटून ऐका. फरशी आणि काँक्रीटच्या भिंतींची रिकामी खोली नुसती घुमते. ताईंना नवं ऑफिस दाखवायचं होतं, पण मुलाखत आम्ही गोदामात घेतली. तिन्ही बाजूंना धन्याची आणि मिरचीची पोती होती. पोती आवाज पिऊन टाकतात. घरी करत असाल तर गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेली उघडी कपाटं हेच काम करतात. फ्रिज बंद करा, आणि गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवा म्हणजे निघताना तो चालू करायची आठवण राहते. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे.

आणखी दोन गोष्टी. बोलणं संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपून घ्या. संकलनात, म्हणजे एडिटिंगमध्ये, वाक्यांमधल्या फटी बुजवायला तो लागतो. आणि आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लालपर्यंत जाऊ देऊ नका. बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. दबका आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला दुरुस्त होत नाही.

उजेड आणि ५० हर्ट्झ

आपल्याकडे घरात ट्यूबलाइट किंवा एलईडी लावून शूट केलं की पुष्कळदा चित्रावर वरून खाली सरकणाऱ्या काळपट पट्ट्या दिसतात. फोन बिघडला असं वाटतं, पण दोष फोनचा नसतो. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटरचा वेळ, म्हणजे एक चित्र टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ, त्या तालाशी जुळला नाही तर कॅमेऱ्याला कळतं. पुष्कळ फोन मुळात सेकंदाला ३० चित्रं टिपायला बसवलेले असतात. ते २५ वर आणा, शटर १/५० सेकंदावर पक्कं करा (१/१०० सुद्धा चालतं), पट्ट्या गेल्या. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत ॲप घ्या.

२५ चित्रं आणि १/५० शटर या जोडीचा दुसरा फायदा असा की हालचाल डोळ्यांना सवयीची, किंचित धूसर दिसते. उन्हात फोन आपोआप शटर फार वेगवान करतो आणि डंक्याचं, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्राचं, मुसळ तुटक तुटक, उड्या मारल्यासारखं दिसतं. तेव्हा शटर तसंच ठेवून भिंगासमोर एनडी फिल्टर लावतात, कॅमेऱ्याला काळा चष्मा घालावा तसा.

ऊन आणि दिव्यांचं मिश्रण ही आपल्या घरांतली कायमची अडचण. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश साधारण ५६०० केल्विनचा, जुना पिवळा बल्ब ३००० च्या आतबाहेरचा. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर, दुसरा पिवळा. उपाय एकच : घरातले दिवे सरळ बंद करा, माणसाला खिडकीला तिरकं बसवा आणि अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरा. मोठ्या सेटवरसुद्धा हाच थर्माकोल वापरतात. भर दुपारी उघड्यावर मुलाखत घेऊ नका. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि प्रसन्न माणूसही आजारी दिसतो.

आता लाल रंग. मसाल्याचा व्हिडिओ करणाऱ्याने हे नीट वाचावं, कारण यात मीही वेळ घालवलाय. तिखटाचा ढीग फोनने टिपला की तो एकजीव लाल डाग दिसतो, रांगोळीसारखा. होतं असं की कॅमेरा एकूण उजेड मोजतो आणि लाल रंगाची मर्यादा त्याआधीच संपते. मर्यादा ओलांडली की कणांमधला फरक पुसला जातो. म्हणून उजेडाची पातळी मुद्दाम खाली आणा, चित्र थोडं अंधारं वाटलं तरी चालेल. दिवा समोरून न मारता बाजूने, जवळजवळ जमिनीच्या पातळीवरून मारा. मग प्रत्येक कणाची बारीक सावली पडते आणि मसाल्याचा भरडेपणा, त्यावरची तेलाची ओल, मध्येच एखादं तीळ, सगळं दिसू लागतं. घरच्या कुटलेल्या मसाल्याची ओळख त्या भरडेपणातच आहे. आमच्या प्रेक्षक-बाईला ते बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

माणसाला बोलतं करणं

मजकूर पाठ करायला देऊ नका. पाठ केलेलं बोलताना माणूस डोळ्यांनी आतला कागद वाचत असतो, आणि ते दिसतं. कॅमेऱ्याच्या बाजूला बसा, प्रश्न विचारा, आणि उत्तरात प्रश्न गुंफून बोलायला सांगा. ‘किती दिवस वाळवता?’ याचं उत्तर ‘तीन दिवस’ आलं तर संकलनात ते लटकतं. ‘मिरची आम्ही तीन दिवस वाळवतो’ हे स्वतःच्या पायावर उभं राहतं. पहिल्या दहा मिनिटांतलं बहुतेक वाया जातं असं धरूनच चाला. त्या दहा मिनिटांत माणूस कॅमेरा विसरतो.

ताई सुरुवातीला पुस्तकी बोलत होत्या : “आम्ही उत्कृष्ट प्रतीची मिरची वापरतो.” मी विचारलं, ती उत्कृष्ट आहे हे तुम्हाला कसं कळतं? त्यांनी शेजारच्या पोत्यातली एक ब्याडगी उचलली, कानाजवळ धरली आणि मोडली. कट्‌ असा आवाज आला. “मिरची मोडली की अशी वाजाय पायजे. न्हाई वाजली तर अजून एक ऊन द्यायचं. वली मिरची कुटली तर चटणीला बुरशी धरतीया.”

व्हिडिओ तिथेच सापडला. ‘उत्कृष्ट प्रतीची’ हे कुणीही म्हणू शकतं. मिरची वाजवून बघणं फक्त तिलाच सुचतं जिने ती वर्षानुवर्षं वाळवली आहे. तुमच्या धंद्यातही अशी एक खूण असते. ती काढून घ्यायला ‘कशावरून?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा, प्रेमाने विचारावा लागतो.

वरच्या वाक्यातल्या ‘चटणी’वरून आमच्यात चर्चा झाली. कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात, पण मुंबईत वाढलेल्या माणसाला चटणी म्हणजे डोशाबरोबरची वाटते. ताईंना शब्द बदलायला सांगावा का? मी नको म्हटलं. बोलण्यात चटणीच ठेवली, खालच्या ओळीत ‘कांदा-लसूण मसाला’ लिहिलं. कोल्हापूरच्या मुलीला तो शब्द ऐकताच घर आठवतं. तो प्रमाण भाषेत धुऊन काढणं म्हणजे आपणच आपला माल पातळ करणं.

टिपणं आणि कापणं

प्रत्येक कामाचे किमान तीन तुकडे घ्या : लांबून जागा, मधून माणूस, जवळून हात. प्रत्येक तुकडा दहा सेकंद हलवू नका. झूम आणि इकडून तिकडे फिरवणं नवख्याला फार मोहात पाडतं, पण तसलं चित्रण कापता येत नाही. फोनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर पांढऱ्या साडीतली बाई समोरून गेली की सगळं चित्र काळवंडतं. उभा व्हिडिओ हवा की आडवा, तेही आधी ठरवा. आडव्यातून नंतर उभा कापला की डोकी छाटली जातात. आम्ही जवळची दृश्यं दोन्ही प्रकारे वेगवेगळी घेतली, कारण गटाला रीलही हवी होती आणि प्रदर्शनात टीव्हीवर लावायलाही काही हवं होतं. निघण्यापूर्वी सगळं चित्रण दोन ठिकाणी उतरवून घ्या.

संकलनाला दाविंची रिझॉल्व्ह या संगणकावरच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. आमचा व्हिडिओ असा सुरू झाला : काळ्या पार्श्वभूमीवर दोन बोटं आणि एक मिरची. संगीत नाही. कट्‌. बिया उडतात. मग ताईंचं वाक्य आणि त्या वाक्यावर त्यांच्या चेहऱ्याऐवजी गच्चीवर पसरलेली मिरची. बोलणं चालू राहतं आणि चित्र बदलतं, ही संकलनातली सगळ्यात उपयोगी युक्ती. तिने पाल्हाळही झाकतं आणि पुरावाही समोर येतो. लोगो शेवटी, दोन सेकंद.

खालच्या ओळी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत द्या. लोकलमध्ये, ऑफिसात, झोपलेल्या बाळाशेजारी लोक आवाज बंद ठेवूनच बघतात. मिरची मोडण्याचं दृश्य आम्ही त्यासाठीच आवाजाशिवाय चालवून पाहिलं. बिया उडताना दिसल्या की पुरतं.

संगीताबाबत कडक राहा. सिनेमाचं गाणं ‘सगळेच टाकतात’ म्हणून धंद्याच्या व्हिडिओत टाकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्याला परवानगी लागते, आणि मालकाने दावा केला तर व्हिडिओचा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उतरवला जातो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. अटी वाचून घ्या.

शब्दांच्या बाबतीतही तेच. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम आहेत. शुद्ध, ताजं, पारंपरिक, अस्सल हे शब्द कधी वापरायचे याच्या अटी त्यांत दिल्या आहेत. ‘मधुमेह बरा होतो’ असलं काही तर चुकूनही नको. औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींबद्दलचा १९५४ चा कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दोन्ही आड येतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही ‘शुद्ध’ शब्द काढला. मिरची वाजली होती, त्या शब्दाची गरज राहिली नव्हती. आणि ज्यांचे चेहरे दिसतात त्यांची लेखी संमती घ्या. अकरापैकी एका काकूंना चेहरा दाखवायचा नव्हता. त्यांचे देठ खुडणारे हात व्हिडिओभर आहेत.

सगळं झाल्यावर व्हिडिओ ओळखीच्यांना दाखवू नका, ते छानच म्हणणार. गटाच्या एका गिऱ्हाइक बाईकडे, पुण्यात, मी स्वतः गेलो आणि तिच्याच फोनवर व्हिडिओ लावून दिला. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता, नाहीतर चित्राचा दर्जा उतरतो. ती ओट्याशी उभी राहून बघत होती. मी फोनकडे न बघता तिच्याकडे बघत होतो. मिरची मोडली तेव्हा तिने गॅस बारीक केला. मसाल्याचा भरडा ढीग आला तेव्हा ती म्हणाली, “हा किलोने देतात का?” नंबर त्यानंतर अकरा सेकंदांनी येत होता. त्या रात्री मी तो त्या ढिगावरच आणून ठेवला.